रमजानच्या रात्री, फुटबॉल आणि समाजाचे ठेकेदार

रमजानचा चांद दिसला की नागपुरात आमच्या वस्त्यांमधून दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. तरावीह आटोपली की पोट्टे फुटबॉल घेऊन बाहेर पडतात, आणि त्या पोट्ट्यांच्या नावाने बोटे मोडायला समाजातली जाणती म्हणवणारी मंडळी बाहेर पडतात. खेळ सहरीपर्यंत चालतो, बोटे मोडणे ईदपर्यंत. आक्षेप दरवर्षी तेच असतात. इबादतीच्या रात्री वाया घालवतात, फजरला झोपा काढतात, आरडाओरडा करतात, मोहल्ल्याची बदनामी करतात. या आक्षेपांना एकदा नीट उत्तर द्यावे असे आम्हाला बरेच दिवस वाटते आहे. खेळणाऱ्यांना उत्तर देता येत नाही असे नाही. त्यांना वेळ नाही.

वेळ का नाही, हे बोटे मोडणाऱ्यांनी कधी पाहिले आहे काय? मोमिनपुरा ही विणकरांची वस्ती. माग थंडावले त्याला जमाना झाला. विणकरांचा नातू आज गॅरेजमध्ये आहे, वेल्डिंगच्या दुकानात आहे, फळांच्या गाडीवर आहे, दुसऱ्याच्या घरी जेवणाचे डबे पोचवणाऱ्या मोटारसायकलवर आहे. रोजा ठेवून नागपूरच्या उन्हात तो दिवसभर राबतो. इफ्तारला घरी पोचला तर नशीब; नाहीतर सिग्नलवर खजूर तोंडात टाकायचा आणि पुढे निघायचे. त्याच्या मालकीचे चोवीस तासांतले दोन-तीन तास कुठले? तरावीहनंतरचे. तेवढे तास तो मैदानात घालवतो. ज्यांचा दिवस पंख्याखाली जातो त्यांनी या दोन-तीन तासांचा हिशेब मागावा, याला आम्ही तरी धर्मनिष्ठा म्हणणार नाही.

फुटबॉल हे काही काल टीव्हीवरून आलेले खूळ नाही. कामठी हे १८२१ सालच्या छावणीचे गाव. तिथे मुलगा चालायला लागला की पायाशी चेंडू येतो. कामठीचा रब्बानी क्लब आणि नागपूरचा यंग मुस्लिम ही नावे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये वर्षानुवर्षे गाजत आली आहेत. या दोघांची लढत असली की मिस्त्री, मास्तर, हमाल आणि वकील एकाच पायरीवर बसतात. आमच्या कोणत्या जलशात, कोणत्या परिषदेत हे दृश्य दिसते? देशपातळीवर पाहिले तर कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे लीग जिंकली, आणि ती जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते. त्यांच्या हाताखालच्या संघाने १९६२ साली जकार्तात आशियाई सुवर्णपदक आणले, तेव्हा कर्करोगाने त्यांना पोखरले होते. पुढच्या वर्षी ते गेलेच. आमच्या किती मदरशांत, किती उर्दू शाळांत रहीमसाहेबांचे चित्र आहे? ‘मैदान’ हा सिनेमा २०२४ च्या ईदला आला तेव्हा कुठे अनेकांना हे नाव कळले.

आता धर्माचे बोलू. कारण हा विषय धर्माच्या काठीने हाकला जातो.

सहीह बुखारीत आलेला प्रसंग आमच्या खतीबांना ठाऊक नाही असे कसे म्हणावे? ईदचा दिवस. मदिनेच्या मशिदीत, हो, मशिदीतच, हबशी लोक ढाली-भाल्यांचा खेळ करत होते. पैगंबर (स.) हजरत आयशांना (रजि.) आडोसा देऊन उभे राहिले, आणि त्यांचे पाहून मन भरेपर्यंत उभेच राहिले. हजरत उमर (रजि.) आले, त्यांनी खेळणाऱ्यांना हुसकायला खडे उचलले, तेव्हा पैगंबरांनी त्यांना थांबवले, खेळू द्या म्हणून सांगितले. हा प्रसंग आम्ही कित्येक वर्षे जुम्याच्या खुतब्यात ऐकण्याची वाट पाहत आहोत. खडे उचलण्याचा भाग मात्र आमच्याकडे बिनचूक पाठ आहे.

आणि खेळणारे होते कोण? हबशी. आफ्रिकेच्या शिंगाकडचे लोक. आजच्या सोमाली माणसाचे शेजारी. त्याच भागात चौदाशे वर्षांनंतर काय घडले ते पाहा. २००६ च्या विश्वचषकाच्या वेळी मोगादिशूत इस्लामी न्यायालयांच्या माणसांनी सामने दाखवणारी सिनेमागृहे बंद पाडली. २०१० च्या विश्वचषकात अल-शबाब आणि हिज्बुल इस्लाम या दोन्ही टोळ्यांनी फुटबॉल पाहणेच हराम ठरवले. टीव्हीवर सामना पाहणाऱ्यांना गोळ्या घालून मारले. अंतिम सामन्याच्या रात्री, ११ जुलैला, युगांडाच्या कंपाला शहरात सामना पाहणाऱ्या गर्दीत बॉम्ब फोडून अल-शबाबने सत्तरहून अधिक माणसे मारली. मोगादिशूच्या मोठ्या स्टेडियमची तर छावणीच झाली होती. कधी या फौजेची, कधी त्या टोळीची, मग आफ्रिकी शांतिसेनेची. २०२० च्या जूनमध्ये ते पुन्हा खेळासाठी उघडले.

आमच्या मौलानांची आम्ही अल-शबाबशी तुलना करत नाही. तसे कुणी वाचले तर तो आमच्यावर अन्याय होईल. मोहल्ल्यातले इमामसाहेब तुटपुंज्या पगारात दिवस काढणारे गरीब गृहस्थ असतात, आणि त्यांच्यातले तरुण हाफिज गोलकीपर म्हणून फार भरवशाचे असतात हेही आम्ही पाहिले आहे. आमचा मुद्दा विचाराच्या दिशेचा आहे. तरुणाच्या आनंदात गुन्हा शोधायला एकदा सुरुवात झाली की ती वाट कुठपर्यंत जाते, हे सोमाली माणसाने स्वतःच्या रक्ताने पाहिले आहे. आमच्यातली जी मुले शिकायला पुण्याला गेली, त्यांनी तिथल्या सोमाली मित्रांबरोबर रोजे सोडले आहेत. त्यांचा सम्बूस म्हणजे आमचा समोसाच. भाताबरोबर केळे खातात याचे तेवढे नवल वाटते. त्या मुलांना विचारा, तुमच्याकडे फुटबॉलवर बंदी घालणाऱ्यांनी बंदी घातल्यावर शाळा किती उघडल्या?

त्या मित्रांबरोबर इफ्तारनंतर राजकारणही निघते, आणि ते आम्हाला फार ओळखीचे वाटते. सोमालियात २००० सालापासून सत्तेची वाटणी ‘साडेचार’च्या सूत्राने होते. चार मोठ्या टोळ्यांना एकेक पूर्ण वाटा, आणि बाकी सगळ्या अल्पसंख्य गटांना मिळून अर्धा. या अर्ध्या वाट्यावर आम्ही हसायचे काय? महाराष्ट्राच्या २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी मुस्लिम आमदार दहा. त्याच वर्षी राज्यातून लोकसभेवर गेलेल्या ४८ जणांत एकही नाही. त्यांचा अर्धा निदान कागदावर लिहिलेला आहे.

आता या राजकारणाकडेच वळू, कारण मौलवींपेक्षा मोठा अपराध पुढाऱ्यांचा आहे. मौलवी निदान समोरून नाही म्हणतो. पुढारी जर्सी देतो.

रमजानच्या नाइट टूर्नामेंटची फलके पाहिली आहेत ना? वर चांदतारा, खाली चेंडू, आणि मधल्या सगळ्या जागेत माणसे: भाई, दादा, साहेब, त्यांचे चिरंजीव, चिरंजीवांचे मित्रमंडळ. खेळाडूंची नावे नाहीत. चषकाला कुणाच्या तरी दिवंगत वडिलांचे नाव. पोट्ट्यांच्या पाठीवर नंबर असतो, छातीवर साहेबांचा फोटो. पहिल्या सामन्याला साहेब पांढरी टोपी घालून येतात, चेंडूला पाय लावतात, फोटो निघतो, ते जातात. पावसाळा आला की त्याच मैदानात गुडघाभर पाणी असते, आणि ते काढायला कुणाचाही पाय लागत नाही. मैदान तरी कुठले म्हणा! आमच्या वस्त्यांतली मोकळी जागा एक दिवस लग्नाचा मंडप असते, एक दिवस सभेचा मंडप, एक दिवस बांधकामाची रेती टाकायची जागा, आणि उरलेल्या दिवसांत हातगाड्यांचा तळ. पोट्टे मग पैसे गोळा करून तासाच्या भाड्याने टर्फ घेतात. ज्याच्या खिशात वाटणीचे पैसे नाहीत तो जाळीबाहेर उभा राहून पाहतो. आमच्याच वस्तीत, आमच्याच मुलामुलांमध्ये, ही जाळी कुणी उभारली?

नागपूर महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीनंतर पुढची निवडणूक झाली ती २०२६ च्या जानेवारीत. मधली जवळपास चार वर्षे प्रशासकाची. नगरसेवक नव्हते, तरी जर्स्या येत होत्या. याचा अर्थ इतकाच की जर्सी देण्यासाठी निवडून यावे लागत नाही, आणि निवडून आल्यावर मैदान द्यावे लागत नाही. सच्चर समितीचा अहवाल २००६ चा. राज्याच्या महमूदुर रहमान समितीचा २०१३ चा. २०१४ साली पाच टक्के आरक्षणाचा वटहुकूम निघाला. शिक्षणातल्या आरक्षणाला उच्च न्यायालयाने हरकत घेतली नव्हती, तरी सरकार बदलले आणि तेही संपले. या साऱ्या वर्षांत इफ्तार पार्ट्या मात्र एकाही सालात चुकल्या नाहीत. खजूर, फळांचे काप, समोसा आणि बंधुभावाचे भाषण. हिशेब विचारायचा तर तोंडात घास.

वक्फचेही असेच. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याविरुद्ध समाज रस्त्यावर आला, यायलाच हवा होता. पण जे मुतवल्ली आणि जे अंजुमनवाले त्या मोर्चांच्या पहिल्या रांगेत होते, त्यांनी आपल्या ताब्यातल्या जागांपैकी किती जागा मुलांच्या खेळासाठी राखल्या, हे त्यांना कुणी विचारले नाही. दुकानगाळे काढले, हॉल काढले. विजय बारसे हे हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक. त्यांनी २००१ साली नागपुरात झोपडपट्टी फुटबॉल सुरू केले, तेव्हा त्यांच्याजवळ ना वक्फ होता ना पक्ष. त्यांच्यावरून नागराज मंजुळेंनी ‘झुंड’ काढला तो २०२२ साली. जे एका मास्तराला जमले ते आमच्या शंभर संस्थांना का जमू नये?

आता २०२५ च्या रमजानविषयी. ते टाळून हा लेख लिहिता येणार नाही.

१७ मार्च २०२५. सोळावा रोजा. औरंगजेबाची कबर हटवा म्हणून महालात विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलाची निदर्शने झाली, हिरवे कापड जाळले गेले, त्यावर आयती होत्या अशी अफवा पसरली, आणि रात्री दगडफेक, जाळपोळ. महाल, चिटणीस पार्क, हंसापुरी. आमच्यातल्या ज्यांनी दगड उचलले, गाड्या जाळल्या, पोलिसांवर हात टाकला, त्यांची वकिली आम्ही करणार नाही. एका पोलीस अधिकाऱ्यावर कुऱ्हाडीचा वार झाला, त्याला कोणता रोजा माफ करील? पण त्याच रात्री रेल्वे स्टेशनकडे निघालेला एक वेल्डर जबर जखमी झाला आणि २२ तारखेला इस्पितळात मरण पावला. त्याने कोणता दगड उचलला होता? अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, ती पुरती उठली २३ तारखेला. शंभरावर माणसे अटकेत गेली. २४ तारखेला महापालिकेने मुख्य आरोपी म्हटल्या गेलेल्या इसमाचे घर पाडले, आणि त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अशा पाडकामाला स्थगिती दिली. सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश माहीत नव्हते असे सांगून आयुक्तांनी पुढे एप्रिलमध्ये न्यायालयाची बिनशर्त माफी मागितली. दंगलीनंतर सात दिवसांत आमच्या वस्तीत जेसीबी पोचतो. मैदानावर एक दिवा लागायला किती वर्षे लागतात, हे आम्हाला याच महापालिकेने शिकवले आहे.

त्या रमजानात उरलेल्या रात्री पोट्टे खेळले नाहीत. नंतरही रात्री चार जण चेंडू घेऊन निघाले की आई दारात उभी राहून विचारते, आधार कार्ड घेतले का? ज्या मुलाला आधी घरचे ‘नमाजला जा’ म्हणून मागे लागत, त्याच्या मागे आता ‘कोपऱ्यावर उभा राहू नको’ हे लागले आहे. रात्री बाहेर दिसलेला मुस्लिम तरुण हा संशयित, हे गृहीत आता पोलिसाच्याच नव्हे, आमच्या आयांच्याही मनात बसले आहे. आमचे म्हणणे उलटे आहे. उजेडात, आखलेल्या मैदानात, पंचाच्या शिटीवर पळणारा मुलगा कुठे आहे हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक असते. अफवा ज्याच्या मोबाइलवर पहिल्यांदा पोचते तो मैदानात नसलेला मुलगा असतो. मौलानांनी मैदान बंद केले, पुढाऱ्याने मैदान दिले नाही आणि पालिकेने दिवा लावला नाही, तर त्या मुलाने रात्री अकरा वाजता जायचे कुठे? कोपऱ्यावरच ना?

जाता जाता आमच्याच घरातली एक घाण उपसू द्या. उम्मत हा शब्द आम्ही रमजानात फार वापरतो. दुआमध्ये सारे जग येते. पण आफ्रिकी मुलगा समोरून आला की आमचीच पोट्टी काय नावाने हाक मारतात? २०२४ च्या मार्चमध्ये, रमजानच्या तोंडावर, केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अरीकोडजवळ सेवन्स फुटबॉलच्या सामन्यात आयव्हरी कोस्टच्या खेळाडूला वर्णावरून शिव्या देऊन प्रेक्षकांनी मारले. मलप्पुरम हा मुस्लिमबहुल जिल्हा आहे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. त्यानंतर आठवड्याच्या आत, रमजानातच, अहमदाबादेत गुजरात विद्यापीठाच्या वसतिगृहात तरावीह पढणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर जमाव चालून गेला. त्या वसतिगृहात आफ्रिकी, अफगाण आणि मध्य आशियाई मुले राहत होती. दुसऱ्या घटनेवर आमच्यात संताप उसळला. पहिलीवर कुणी चकार शब्द काढला नाही. मलिक अंबर आमचा म्हणून छाती फुगवायची आणि अंबरच्या मुलखातून आलेल्या पोराला काळ्या म्हणायचे, हा कुठला उम्मतीचा हिशेब?

आणि मुली? वर हजरत आयशांचा प्रसंग सांगितला तो केवळ पोट्ट्यांच्या वकिलीसाठी नव्हे. आयशा (रजि.) यांनी पैगंबरांबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, हेही हदीसमध्ये आहे. आमच्या मुलींना मात्र रमजानच्या रात्री भज्यांची कढई आणि सहरीचे पीठ. डोक्यावर कापड असले तर खेळता येत नाही ही सबब फिफाने २०१४ मध्येच काढून टाकली. २०२३ च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेन्झिना हिजाबमध्ये खेळली. सोमालियातून लंडनला आलेली जवाहिर रोबल हिजाब घालून इंग्लंडमध्ये पंचगिरी करते, आणि अंगापिंडाने मोठाले गोरे बाप्ये तिच्या शिटीवर थांबतात. आमच्या वस्तीतल्या मुलीला दिवसा दोन तास, एक भिंत, एक संडास आणि एक शिकवणारी बाई एवढे मिळाले तर पुरे आहे. रात्रीचे पुढे पाहू.

मागायचे काय हे आता उघड आहे. टूर्नामेंट नको, जर्सी नको, इफ्तार तर मुळीच नको. वस्तीतली जी जागा विकास आराखड्यात खेळाचे मैदान म्हणून दाखवली आहे, ती कोणती, तिच्यावर आज काय उभे आहे, तिची किल्ली कुणाकडे आहे, आणि दिवे कधी लागणार, एवढे चार प्रश्न. रमजानच्या आधी दोन महिने झोन कार्यालयात जायचे. अर्ज मराठीत लिहायचा, म्हणजे आम्हाला वाचता आला नाही ही सबब उरत नाही. सह्या मुलांच्या आणि मुलींच्या घ्यायच्या, साहेबांचे शिफारसपत्र जोडायचे नाही. आवक-जावकचा बाबू म्हणेल, ठेवून जा, साहेबांना दाखवतो. ठेवून जायचे नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख पडल्याशिवाय त्या टेबलासमोरून उठायचे नाही.